जुनी सर्वेक्षण उपकरणे

जुनी सर्वेक्षण उपकरणे म्हणजे इलेक्ट्रॉनिक साधने प्रचारात येण्यापूर्वी जमिनीवरील अंतर, कोन व उंची मोजण्यासाठी आणि त्या मोजमापांवरून आकडेमोड करण्यासाठी वापरली जाणारी यांत्रिक व प्रकाशीय साधने होत. साखळी, शंकू, प्लेन टेबल, थिओडोलाइट, लेव्हल व स्लाइड रूल ही त्यांपैकी प्रमुख साधने आहेत. भारतातील अशा उपकरणांचा इतिहास महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी निगडित आहे. या सर्वेक्षणाचे प्रवर्तक विल्यम लॅम्ब्टन यांचे जानेवारी १८२३ मध्ये सध्याच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निधन झाले.

जुन्या उपकरणाचे महत्त्व त्याच्या पितळेच्या झळाळीवर ठरत नाही. त्यावरील अंशांकन, निर्मात्याची खूण, दुरुस्तीचे अवशेष आणि त्यासोबत टिकून राहिलेल्या नोंदी यांवरून त्याची ओळख पटते व मूल्यही ठरते.

पार्श्वभूमी

विल्यम लॅम्ब्टन हे ब्रिटिश सैन्यातील ३३ व्या पलटणीचे अधिकारी होते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणचा पाडाव झाल्यानंतर त्यांनी द्वीपकल्पाच्या आरपार त्रिकोणांचे जाळे टाकून स्थाने निश्चित करण्याची योजना मांडली. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळील सेंट थॉमस माउंट येथे आधाररेषा मोजण्यास प्रारंभ झाला. सुमारे १२ किलोमीटर लांबीच्या या रेषेच्या मोजणीस ५७ दिवस लागले.

त्रिकोणमितीय सर्वेक्षणात एकच रेषा प्रत्यक्ष जमिनीवर मोजली जाते. तिच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या बिंदूचे कोन घेतले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. त्यांपैकी प्रत्येक बाजू पुढील त्रिकोणाचा पाया बनते. त्यामुळे आधाररेषेतील किंवा पहिल्या काही कोनांतील चूक शेकडो किलोमीटर पुढे वाहत जाते. ही चूक उघड व्हावी म्हणून ठरावीक अंतरावर नवी आधाररेषा मोजून गणिताने आलेली लांबी प्रत्यक्ष लांबीशी ताडून पाहिली जात असे. अशी एक आधाररेषा १८१५ मध्ये बिदर येथे मोजण्यात आली.

१८१८ मध्ये या कामास ‘ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले आणि त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट लॅम्ब्टन यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना वयाच्या सुमारे सत्तराव्या वर्षी लॅम्ब्टन हिंगणघाट येथे मरण पावले. हा प्रदेश त्या वेळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. लॅम्ब्टन यांची कबर हिंगणघाट येथे आहे. त्यांच्यानंतर सर्वेक्षणाची सूत्रे एव्हरेस्ट यांच्याकडे गेली.

लॅम्ब्टन यांची उपकरणे

पोलादी साखळी

लॅम्ब्टन यांची साखळी लंडनमधील प्रसिद्ध कारागीर जेसी रॅम्सडेन यांनी बनवलेली होती. तिची लांबी १०० फूट असून तीत प्रत्येकी अडीच फुटांच्या ४० कड्या होत्या. मॅकार्टनी शिष्टमंडळाने १७९३ मध्ये चीनच्या सम्राटासाठी नेलेल्या वैज्ञानिक वस्तूंपैकी ती एक होती. या वस्तूंना चिनी दरबारात मान मिळाला नाही. पुढे ती शिष्टमंडळातील शास्त्रज्ञ जेम्स डिनविडी यांच्यामार्फत कलकत्त्याला आली व तेथून लॅम्ब्टन यांच्याकडे पोहोचली.

साखळी थेट जमिनीवर न टाकता तिपायांवर ठेवलेल्या लाकडी पेट्यांमध्ये समपातळीत ताणली जात असे आणि पेट्यांतील तापमापकांच्या नोंदी घेतल्या जात. तापमानात एक अंश सेल्सिअसची वाढ झाल्यास १०० फुटी पोलादी साखळी सुमारे ०.३५ मिलिमीटरने लांबते. बारा किलोमीटरच्या रेषेत साखळी सुमारे ४०० वेळा टाकावी लागते. त्यामुळे एका अंशाची चूक संपूर्ण रेषेत सुमारे १४ सेंटिमीटरपर्यंत जाते.

मोठा थिओडोलाइट

विल्यम केरी यांनी लंडनमध्ये बनवलेल्या मोठ्या थिओडोलाइटचे वजन सुमारे अर्धा टन असून त्याच्या आडव्या वर्तुळाचा व्यास ३६ इंच होता. हे उपकरण घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. उपकरण वैज्ञानिक कामाचे असल्याचे कळल्यावर फ्रेंच गव्हर्नरने ते मद्रासला पाठवून दिले.

एवढ्या मोठ्या वर्तुळाची गरज साध्या गणिताने स्पष्ट होते. ३६ इंची वर्तुळाच्या परिघावर एक अंश सुमारे ८ मिलिमीटर जागा घेतो, तर ५ इंची वर्तुळावर तोच अंश जेमतेम १.१ मिलिमीटरमध्ये मावतो. वर्तुळ जितके मोठे, तितके अंशाचे सूक्ष्म भाग पाडणे व वाचणे सोपे जाते. पुढील काळात अंशांकनाचे यंत्र व सूक्ष्मदर्शक सुधारले, तसे लहान उपकरणांतूनही तीच अचूकता मिळू लागली.

झेनिथ सेक्टर

ताऱ्यांच्या शिरोबिंदूपासूनच्या कोनावरून अक्षांश काढण्यासाठी लॅम्ब्टन यांच्याकडे रॅम्सडेन यांनी बनवलेला पाच फूट त्रिज्येचा झेनिथ सेक्टर होता. हे उपकरणही चीनला गेलेल्या वस्तूंपैकीच होते. जमिनीवरील अंतर आणि अक्षांशांमधील फरक या दोन्हींवरून पृथ्वीचा आकार काढता येत असल्यामुळे सर्वेक्षणाला या उपकरणाने भूगणिताचे महत्त्व दिले.

दुरुस्ती व पुनर्रचना

१८०८ मध्ये तंजावर येथे, सरफोजी राजे (दुसरे) यांच्या काळात, मोठा थिओडोलाइट बृहदीश्वर मंदिरावर चढवला जात असताना दोर तुटला आणि उपकरण भिंतीवर आदळले. त्याचे मुख्य वर्तुळ वाकडे झाले. लॅम्ब्टन यांनी तंबूत सुमारे सहा आठवडे बसून ते स्वतः दुरुस्त केले. त्यांनी मूळ मापाचे वर्तुळ लाकडी फळीवर कोरून घेतले आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या यांच्या साहाय्याने पितळी कडे हळूहळू ओढून त्या मापात बसवले. या दुरुस्तीनंतर तो थिओडोलाइट अनेक वर्षे वापरात राहिला.

एव्हरेस्ट १८२५ ते १८३० या काळात इंग्लंडमध्ये होते. परतताना त्यांनी ट्राउटन अँड सिम्स या संस्थेची नवी उपकरणे आणली. त्यांत साखळीऐवजी वापरायच्या कोल्बी पद्धतीच्या दहा फुटी भरपाई-पट्ट्या होत्या. यात लोखंडाची व पितळेची पट्टी शेजारी शेजारी मध्यभागी जोडलेली असते. दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. टोकांना बसवलेल्या आडव्या जिभा त्या प्रमाणात कलतात आणि त्यांवरील दोन ठिपक्यांमधील अंतर तापमान बदलले तरी जवळजवळ स्थिर राहते.

उपकरणांची देखभाल भारतातच व्हावी म्हणून एव्हरेस्ट यांनी हेन्री बॅरो या कारागिरास कलकत्त्यास आणले. लॅम्ब्टन यांच्या मोठ्या थिओडोलाइटची पुनर्रचना बॅरो यांनी केली. त्यांच्यानंतर अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन यांची सर्वेक्षणाचे उपकरण-निर्माते म्हणून नेमणूक झाली. ते मूळचे मद्रासमधील जवाहिराच्या व्यवसायातील कारागीर होते आणि एव्हरेस्ट यांनी त्यांच्या कौशल्याची प्रशंसा केली आहे. कलकत्त्यातील गणितीय उपकरण कार्यालयातून पुढे नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स ही सरकारी कंपनी उदयास आली.

या इतिहासामुळे भारतात वापरलेल्या उपकरणांवर युरोपीय निर्मात्याच्या नावाबरोबरच स्थानिक दुरुस्तीच्या खुणाही आढळू शकतात. बदललेला स्क्रू, नव्याने बसवलेली कडी किंवा पुन्हा कोरलेले अंक यांमुळे उपकरण कमअस्सल ठरत नाही. ते प्रत्यक्ष कामात होते याचा तो पुरावा असतो.

उपकरणांची ओळख

साखळ्या

साखळीची ओळख तिच्या एकूण लांबीवरून व कड्यांच्या संख्येवरून पटते. सर्वसाधारणपणे आढळणारे प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

• गुंटर साखळी: लांबी ६६ फूट, १०० कड्या. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो.
• इंजिनिअर साखळी: लांबी १०० फूट, प्रत्येकी एक फुटाच्या १०० कड्या.
• मुंबई इलाख्यातील महसुली साखळी: लांबी ३३ फूट, १६ आण्यांत विभागलेली. या साखळीचा एक चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो.
• मेट्रिक साखळी: लांबी २० किंवा ३० मीटर, प्रत्येक कडी २० सेंटिमीटर. ही साखळी दशमान पद्धतीच्या स्वीकारानंतरची असते.

गुंटर साखळीवर दर दहा कड्यांनी पितळी बिल्ला असतो. बिल्ल्याच्या दातांची संख्या दहाचा क्रम दाखवते आणि मधला, पन्नासाव्या कडीवरील बिल्ला गोल असतो. बिल्ले दोन्ही टोकांकडून सारखेच असल्यामुळे ४० व ६० यांत गल्लत होण्याचा संभव असे. महाराष्ट्रातील भूमापनाच्या ‘शंकू साखळी’ पद्धतीत साखळीने सरळ अंतर व शंकूने काटकोन घेऊन शेताचे क्षेत्र काढले जाई आणि मोजमापे टिपणावर नोंदवली जात. त्यामुळे जुनी साखळी तिच्या काळातील टिपणांसह मिळाल्यास तिचे महत्त्व वाढते.

थिओडोलाइट

थिओडोलाइटचा आकार आडव्या वर्तुळाच्या व्यासाने सांगतात. हातात येणारी बहुतेक जुनी उपकरणे ५ किंवा ६ इंची असतात. त्यांचे तीन प्रमुख नमुने आहेत.

साध्या नमुन्यात दूरदर्शी इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या आधारांवर ठेवलेला असतो आणि त्याखाली अर्धवर्तुळाकार उभी कमान असते. एव्हरेस्ट नमुन्यात पूर्ण उभ्या वर्तुळाऐवजी दूरदर्शीच्या दोन्ही बाजूंस कमानीचे तुकडे असतात. त्याची बांधणी ठेंगणी असून आडव्या वर्तुळावर चार भुजा असतात. त्यांपैकी तीन भुजांवर व्हर्निअर असतात आणि चौथीवर पकड असते. खाली तीन समतलन स्क्रू असतात. ट्रान्झिट नमुन्यात उभे वर्तुळ पूर्ण असते व दूरदर्शी आडव्या आसाभोवती पूर्ण उलटता येतो. दूरदर्शी उलटवून तोच कोन पुन्हा घेतल्याने उपकरणातील काही दोष परस्परांना छेदून जातात. या सोयीमुळे पुढे ट्रान्झिट नमुना सर्वत्र रूढ झाला.

अस्सल उपकरणाची सर्वांत विश्वसनीय परीक्षा व्हर्निअरवर होते. मुख्य वर्तुळ २० मिनिटांच्या भागांत विभागलेले असेल आणि व्हर्निअरवरील ६० भाग मुख्य वर्तुळावरील ५९ भागांएवढे असतील, तर उपकरण २० सेकंदांपर्यंत वाचते. वर्तुळ अर्ध्या अंशांत विभागलेले असून व्हर्निअरचे ३० भाग २९ भागांएवढे असतील, तर वाचन एका मिनिटापर्यंत होते. व्हर्निअरचे शून्य मुख्य वर्तुळावरील एखाद्या रेषेशी जुळवले असता त्याची शेवटची रेषाही जुळली पाहिजे. इतर कोणत्याही स्थितीत एकच रेषा ठळकपणे जुळते. या कसोटीवर न उतरणारे अंशांकन केवळ शोभेचे असण्याची शक्यता अधिक असते.

वाचनातील फरकाचा अर्थ प्रत्यक्ष अंतरात समजून घेता येतो. एक किलोमीटर अंतरावर एक मिनिट म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटर, २० सेकंद म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर आणि एक सेकंद म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर. शेताच्या मोजणीस पुरेसे असणारे उपकरण त्रिकोणांच्या लांब साखळीस अपुरे का पडते, हे या आकड्यांवरून दिसते.

अंशांकनाच्या रेषा पितळेत बसवलेल्या चांदीच्या पट्टीवर कोरलेल्या असतात. १७७० च्या दशकात रॅम्सडेन यांनी वर्तुळ विभाजनाचे यंत्र विकसित केल्यानंतर हाताने रेषा आखण्याची जागा यंत्राने घेतली. विसाव्या शतकात, विशेषतः १९२० च्या दशकापासून, काचेची वर्तुळे असलेले बंदिस्त प्रकाशीय थिओडोलाइट आले. अशा उपकरणांत वर्तुळ बाहेरून दिसत नाही. ते वाचण्यासाठी दूरदर्शीशेजारी स्वतंत्र नेत्रिका असते.

गणनसाधने व स्लाइड रूल

मोजलेल्या कोनांवरून बाजू काढण्याचे काम ‘गणक’ म्हणून नेमलेले कर्मचारी करीत. राधानाथ सिकदार हे त्यांपैकी सर्वांत ज्ञात नाव होय. ते १८३१ मध्ये सर्वेक्षणात दाखल झाले आणि पंधराव्या क्रमांकाच्या शिखराच्या, म्हणजे माउंट एव्हरेस्टच्या, उंचीच्या गणनेशी त्यांचे नाव जोडले जाते. ही उंची १८५६ मध्ये २९,००२ फूट अशी जाहीर करण्यात आली.

अशा गणनेसाठी लॉगॅरिदमच्या छापील सारण्या वापरत. स्लाइड रूल हेही लॉगॅरिदमवर आधारलेले साधन आहे, परंतु दहा इंची स्लाइड रूलवर साधारण तीन सार्थ अंकच वाचता येतात. हजारात एक एवढी चूक धरली तरी ३० किलोमीटरच्या बाजूत ती ३० मीटर होते. त्यामुळे मुख्य त्रिकोणांच्या गणनेस ते चालत नसे. मात्र मातीकामाचे घनफळ, उतार व दूरदर्शीतून घेतलेल्या अंतरांचे रूपांतर यांसाठी अभियंते व सर्वेक्षक ते नित्य वापरत.

जॉन नेपिअर यांनी १६१४ मध्ये लॉगॅरिदम प्रसिद्ध केले. एडमंड गुंटर यांनी ते पट्टीवर आणले. साखळीलाही त्यांचेच नाव आहे. विल्यम ऑट्रेड यांनी अशा दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवून गुणाकार-भागाकार करण्याची युक्ती काढली. ए, बी, सी व डी या चार मापपट्ट्या आणि सरकता दर्शक असलेली मांडणी १८५० च्या सुमारास फ्रेंच अधिकारी आमेदे मानहाइम यांनी रूढ केली.

जुन्या स्लाइड रूलचा काळ साहित्यावरून अंदाजता येतो. केवळ पिवळसर बॉक्सवुड लाकडाची पट्टी बहुधा एकोणिसाव्या शतकातील असते. महोगनीवर पांढऱ्या सेल्युलॉइडचा थर देण्याची पद्धत १८८० च्या दशकात जर्मनीत सुरू झाली. बांबूवर सेल्युलॉइड चढवलेली पट्टी जपानी बनावटीची, बहुधा हेम्मी कंपनीची असते. पूर्णपणे प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी त्यानंतरची समजावी. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ अशी खूण असल्यास ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पूर्वीच्या काळातील असते. १९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशात मावणारा वैज्ञानिक गणकयंत्राचा नमुना बाजारात आला आणि काही वर्षांतच स्लाइड रूलचे उत्पादन जवळजवळ थांबले.

मापपट्टी खरी आहे की नाही, हे तिच्यावरूनच तपासता येते. डी पट्टीवर १ ते २, २ ते ४ आणि ४ ते ८ ही तिन्ही अंतरे सारखी असली पाहिजेत. २५ सेंटिमीटरच्या पट्टीवर २ हा अंक आरंभापासून सुमारे साडेसात सेंटिमीटरवर येतो.

निर्मात्यांच्या खुणा

निर्मात्याचे नाव सामान्यतः वर्तुळाच्या पृष्ठावर, होकायंत्राच्या तबकडीवर किंवा पेटीच्या आत असते. संस्थांची नावे काळानुसार बदलल्यामुळे त्यांवरून कालनिश्चिती होते. ‘ट्राउटन अँड सिम्स’ हे नाव १८२६ पासूनचे आहे, तर ‘कूक, ट्राउटन अँड सिम्स’ हे नाव १९२२ नंतरच्या उपकरणांवरच आढळते. ब्रिटिश सरकारी मालकीच्या वस्तूंवर बाणाची खूण उमटवलेली असे. काही उपकरणांवर निर्मात्याऐवजी विक्रेत्याचे नाव असते. म्हणून एकट्या नावावरून निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही. पेटी, पेटीतील चिठ्ठी, क्रमांक व उपकरण यांचा परस्परांशी मेळ बसणे आवश्यक असते.

प्रतिकृती

जुन्या ब्रिटिश निर्मात्यांची नावे कोरलेल्या पितळी शोभेच्या वस्तू मोठ्या प्रमाणावर तयार होतात. त्या अस्सल समजून घेतल्या जाण्याची शक्यता असते. पुढील लक्षणे आढळल्यास वस्तू आधुनिक प्रतिकृती असण्याचा संभव अधिक असतो.

• अंशांकनाच्या रेषा ओबडधोबड किंवा असमान अंतरावर असणे.
• सूक्ष्म फिरकीचा स्क्रू नसणे किंवा तो फिरवल्यावर वर्तुळ न हलणे.
• अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू असणे. असे स्क्रू १९३० च्या दशकानंतरच प्रचारात आले.
• दूरदर्शीत मध्यरेषा नसणे.
• सर्व भागांवर एकसारखा कृत्रिम काळसरपणा असणे. प्रत्यक्ष वापरात हाताचा स्पर्श होणारे भागच अधिक झिजतात.

जतन

जुन्या उपकरणाची सर्वाधिक हानी स्वच्छतेच्या नावाखाली होते. चिंच, लिंबू, राख किंवा पितळ घासण्याची पावडर लावल्यास मूळ लाखेचा थर जातो आणि चांदीच्या पट्टीवरील बारीक रेषा पुसट होतात. रेषा गेल्या की उपकरणातून मोजमाप घेता येत नाही व त्याचा काळही ठरवता येत नाही. मऊ कोरड्या कापडाने धूळ काढणे एवढेच बहुधा पुरेसे असते. जुन्या दूरदर्शीतील मध्यरेषा कोळ्याच्या तंतूच्या असू शकतात. त्यामुळे नेत्रिका उघडून आतील भागास स्पर्श करणे टाळावे लागते.

वर्धा जिल्ह्यासह विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्यानंतर पावसाळ्यात हवेतील आर्द्रता वाढते. या बदलामुळे लाकडी पेट्या तडकतात, स्लाइड रूलची सरकपट्टी अडकते आणि भिंगांवर बुरशी येते. उपकरणे उन्हापासून दूर, हवा खेळती असलेल्या जागी ठेवणे इष्ट असते. जुने सेल्युलॉइड ज्वलनशील असून कालांतराने आम्लयुक्त वायू सोडते. अशा पट्ट्या बंद प्लास्टिक पिशवीत ठेवू नयेत.

उपकरणासोबतची क्षेत्रपुस्तिका, टिपणे, दुरुस्तीच्या पावत्या व वापरणाऱ्याच्या नोंदी वेगळ्या न करता एकत्र ठेवल्यास ते कोठे व कोणत्या कामात वापरले गेले हे सांगता येते. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या विज्ञानविषयक वस्तू पुरावस्तूंच्या व्याख्येत येऊ शकतात आणि अशा वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत.

महत्त्व

लॅम्ब्टन यांनी सुरू केलेला महावृत्तखंड एव्हरेस्ट यांच्या काळात १८४१ मध्ये हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पूर्ण झाला. कन्याकुमारीपासून मोजलेली त्याची लांबी सुमारे २,४०० किलोमीटर आहे. भारताच्या नकाशांची चौकट आणि पृथ्वीच्या आकाराचे गणित दीर्घकाळ या मोजणीवर आधारलेले होते. सध्या भूमापनात इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती व ड्रोन वापरले जातात. या साधनांत वाचन व चूक-सुधारणा यंत्राच्या आत होते. जुन्या उपकरणांत मात्र प्रत्येक वाचन निरीक्षक स्वतः घेत असे आणि तापमान, झीज व वाकलेली कडी यांमुळे येणारी चूक स्वतः शोधून नोंदवत असे. मोजमापाची अचूकता कशी मिळवली जाते हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवण्यासाठी ही उपकरणे म्हणूनच उपयुक्त ठरतात.